खर्जाची पेटी आणि घरची खोली

'डॉल्बी' हें एका माणसाचें नांव आहे असें सांगितलें, तर आमच्या मराठवाड्यांत पुष्कळांना नवल वाटेल. मिरवणुकीपुढें ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली कर्ण्यांची भिंत म्हणजे डॉल्बी, अशीच सर्वांची समजूत आहे. वस्तुतः रे डॉल्बी या नांवाचे अमेरिकन संशोधक १९६३ ते १९६५ या काळांत युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशांत राहून गेले; आणि १९६५ सालीं लंडनमध्यें त्यांनीं जी कंपनी काढली, तिचें पहिलें काम ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याचें होतें. ज्यानें गोंगाट कमी करण्यापासून आरंभ केला, त्याचेंच नांव आपण गोंगाटाच्या भिंतीला देऊन मोकळे झालों.

मिरवणुकीबद्दल आज मी बोलणार नाहीं. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणारे थोडे. परंतु तीच भिंत आतां लहान रूप घेऊन आपल्या बैठकीच्या खोलींत येऊन बसली आहे. घरगुती चित्रपटगृह, ज्याला आपण सर्वजण 'होम थिएटर' म्हणतों, त्याच्या संचांत पांच लहान पेट्या असतात आणि एक मोठी, जड, काळी पेटी असते. या मोठ्या पेटीला 'सबवूफर' म्हणतात. कुत्र्याच्या भुंकण्यावरून जाड आवाजाच्या कर्ण्याला 'वूफर' आणि पाखराच्या चिवचिवाटावरून बारीक आवाजाच्या कर्ण्याला 'ट्वीटर' अशीं नांवें इंग्रजांच्या भाषेंत पडलीं. वूफरच्याही खालचा तो सबवूफर. बोलण्याच्या सोयीसाठीं मी तिला खर्जपेटी म्हणेन.

जालन्यासारख्या शहरांत ही पेटी घेणाऱ्या घरांत पुढें काय घडतें, तें मीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे. वडील चांगली रक्कम मोजतात. मुलें पेटी उघडतात, जागा मोकळी दिसेल त्या कोपऱ्यांत ती ढकलतात आणि मागचें बटण शेवटपर्यंत पिळतात. पहिल्या दिवशीं सर्वांना धन्यता वाटते. पंधरा दिवसांनीं आजी आंतल्या खोलींत जाऊन बसते, शेजारचे गृहस्थ पूर्वीसारखे बोलत नाहींत, आणि मराठी चित्रपटांतले मराठी संवाद कळावेत म्हणून पडद्याच्या तळाशीं इंग्रजी अक्षरें लावून तीं वाचण्याची पाळी येते. यंत्र चांगलें, चित्रपट चांगला, आणि तरीही "काय म्हणाला तो?" हा प्रश्न घरांत सारखा ऐकूं येतो. दोष बहुधा यंत्राचा नसतो. पेटी कोठें ठेवली आणि तिचीं बटणें कशीं लावलीं, यांत तो असतो. आणि तो घरच्या घरीं, एका सकाळीं, एक पैसाही न खर्चितां काढतां येतो.

प्रथम ही पेटी करते काय, तें पाहूं. मनुष्याच्या कानाला सेकंदास सुमारें २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंतचे स्वर ऐकूं येतात. काळी एक पट्टींत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारें ६९ वेळां कांपते. तळहाताएवढ्या कर्ण्याला हा स्वर नीट काढतां येत नाहीं, कारण इतक्या सावकाश कंपनांसाठीं पुष्कळ हवा हालवावी लागते. तें ओझें उचलण्यासाठीं ही मोठी पेटी आहे. शिवाय चित्रपटाच्या ध्वनिपट्टींत भूकंप, मेघगर्जना, आगगाडी यांसाठीं खर्जाचा एक स्वतंत्र मार्ग राखलेला असतो. संचावर 'पांच पॉइंट एक' असें लिहिलेलें असतें, त्यांतला शेवटचा एक तो हाच. तो फक्त १२० कंपनांपर्यंतचेच स्वर वाहतो, म्हणून त्याला पूर्ण एकाची पदवी न देतां दशांशाची दिली आहे.

खर्जाचा हा सोस चित्रपटवाल्यांना जुना आहे. १९७४ सालीं 'अर्थक्वेक' नांवाचा भूकंपावरील अमेरिकन चित्रपट निघाला, तेव्हां प्रेक्षकांच्या आसनांखालची जमीन हादरावी म्हणून चित्रगृहांत प्रचंड कर्णे बसवण्यांत आले होते. हॉलीवूडच्या एका प्रख्यात चित्रगृहांत तर छताचे पोपडे प्रेक्षकांच्या डोक्यावर पडूं नयेत म्हणून वर जाळें बांधलें होतें. आपल्या घरच्या छताला जाळें बांधण्याची सोय नसते, हें लक्षांत ठेवून पुढें जाऊं.

आतां मुद्द्याची गोष्ट. खर्ज ऐकवते ती एकटी पेटी नव्हे. पेटी आणि खोली मिळून तो ऐकवतात, आणि त्यांतही खोलीचा वाटा मोठा असतो. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ११३० फूट धांवतो. तेव्हां सेकंदाला ४० कंपनें करणाऱ्या स्वराची एक लाट सुमारें २८ फूट लांब होते. एवढी लांब लाट १४ फुटांच्या खोलींत कोंडली म्हणजे काय होईल? गुरांना पाणी पाजण्याची दगडी डोण आपण पाहिली असेल. तिच्या एका टोकाशीं हातानें पाणी ढकलून पाहावें. ठराविक ठेका साधला म्हणजे पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे हेलकावूं लागतें. दोन्ही टोकांशीं तें वर चढतें आणि खालीं उतरतें, मध्यभागीं मात्र त्याची पातळी जवळजवळ हालत नाहीं. खोलींतल्या हवेचें तसेंच होतें. १४ फूट लांबीच्या खोलीचा ठेका सेकंदाला ४० कंपनांचा आहे. चित्रपटांत तो स्वर आला कीं भिंतींजवळ तो गर्जतो आणि खोलीच्या मधोमध बसलेल्याला तो ऐकूंच येत नाहीं.

हिशेब सोपा आहे. शाळेंतला मुलगाही करील. ११३० ला खोलीच्या फुटांतील लांबीच्या दुपटीनें भागावें, म्हणजे त्या लांबीचा ठेका निघतो. समजा, आपली खोली १४ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. लांबीचा ठेका ४०. रुंदीचा सुमारें ५६. उंचीचाही सुमारें ५६. रुंदी आणि उंची सारखी असल्यानें दोन ठेके एकाच स्वरावर येऊन पडले, आणि तो स्वर खोलींत दुप्पट घुमूं लागला. गाण्यांत तो स्वर आला कीं सारी खोली 'हूं' करून उठते आणि पुढचे दोन शब्द त्या हुंकारांत बुडून जातात. पेटी अधिक महागाची आणली तरी हा हुंकार जात नाहीं, कारण तो पेटीचा नव्हे, विटा-सिमेंटाचा आहे.

कोपरा ही या बाबतींत सर्वांत फसवी जागा. कोपऱ्यांत दोन भिंती आणि जमीन अशीं तीन टोकें एकत्र येतात. तेथें ठेवलेली पेटी खोलीचे सारे ठेके एकदम जागे करते. आवाज मोठा होतो, म्हणून मुलांना कोपरा आवडतो. परंतु मोठा खर्ज आणि स्पष्ट खर्ज या दोन निराळ्या वस्तु आहेत. डग्ग्यावर हाताच्या दाबानें घुमारा वर-खालीं सरकतो, तें सरकणें ऐकूं आलें तर खर्ज स्पष्ट आहे असें समजावें. नुसतें 'धब्ब' ऐकूं आलें, तर खोली बोलत आहे, वादक नव्हे.

मग पेटी ठेवावी कोठें? यासाठीं एक युक्ति आहे. ती जराशी हास्यास्पद दिसते, म्हणून पाहुणे नसतांना करावी. आपण ज्या आसनावर बसून चित्रपट पाहतों, त्या आसनावरच खर्जपेटी उचलून ठेवावी. एखादी एकसारखी चालणारी खर्जाची चाल तिच्यावर लावावी. आणि मग स्वतः भिंतीच्या कडेकडेनें जमिनीवर रांगत फिरावें. डोकें पेटीच्या उंचीइतकें खालीं ठेवावें. कांहीं ठिकाणीं आवाज अंगावर येईल, कांहीं ठिकाणीं तो नाहींसा होईल, आणि एखाद-दुसऱ्या ठिकाणीं प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा आणि सुटा सुटा ऐकूं येईल. तेथें खडूची खूण करावी आणि पेटी आणून त्या खुणेवर ठेवावी. आसनावर बसल्यावर आतां तसाच सुटा खर्ज ऐकूं येईल. बोलणारा आणि ऐकणारा यांनीं जागांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधील ध्वनीचा व्यवहार बदलत नाहीं, हा नियम या युक्तीच्या मुळाशीं आहे. लॉर्ड रॅले यांच्या १८७७ सालीं निघालेल्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथांत त्याची चर्चा आहे. वयोमानानें ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनीं रांगण्याचें काम नातवावर सोपवावें. कान मात्र त्याला आधीं समजावून द्यावा.

पेटीप्रमाणें आसनही हालवतां येतें, हें आपण विसरतों. सोफा मागच्या भिंतीला चिकटवण्याची आपल्याकडे रीत आहे. भिंतीशीं खर्ज सर्वांत दाट असतो, म्हणून तो फूट-दीड फूट पुढें ओढला तरी फरक कळतो. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र आसन आणूं नये. तेथें डोणींतल्या मधल्या पाण्यासारखी स्थिति होते. पडदे लावून किंवा गाद्या टांगून हा दोष जाईल असें पुष्कळांना वाटतें. बारीक आवाज त्यांनीं मऊ होतात हें खरें. परंतु २८ फुटांच्या लाटेला चार इंचांच्या कापसाच्या गादीची काय मातब्बरी?

एक गोष्ट आपल्या बाजूची म्हणून सांगतों. परदेशी पुस्तकांत बंद खोल्यांचें वर्णन असतें; आमच्याकडे आठ महिने दारें-खिडक्या उघड्या असतात. उघड्या खिडकींतून खर्ज बाहेर निघून जातो आणि खोलीचा हुंकार कमी होतो. पत्र्याच्या छपराखालींही खर्ज टिकत नाहीं. तेव्हां ज्या स्थितींत नेहमीं चित्रपट पाहतां, त्याच स्थितींत खिडक्या ठेवून पेटीची जागा ठरवावी. पत्र्याच्या घरांत दुसरी अडचण असते, ती म्हणजे पत्राच थरथरूं लागतो. पत्राच कशाला, कपाटाची कांच, देवाच्या तसबिरी, फळीवर एकांत एक ठेवलेलीं स्टीलचीं भांडीं, हीं सारीं या पेटीच्या साथीला बसतात. आणि ऐकणाऱ्याला वाटतें, कर्णा फाटला. पेटी दुरुस्तीला नेण्यापूर्वीं एकानें २० पासून १२० कंपनांपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर लावावा आणि दुसऱ्यानें खोलींतल्या वस्तूंना एकेक करून हात लावीत फिरावें. हात लावतांच खडखड थांबली कीं चोर सांपडला. तसबिरीच्या मागें बनातीचा तुकडा आणि कांचेच्या कडेला रबराची पट्टी लावली कीं काम होतें.

जागा ठरल्यावर बटणांकडे वळूं. पहिलें बटण वाटणीचें, इंग्रजींत त्याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. किती कंपनांच्या खालचे स्वर खर्जपेटीनें गावेत आणि वरचे इतर पेट्यांनीं, तें त्यानें ठरतें. सर्वसाधारण संचास ८० हा आंकडा उत्तम. तो कोणी लहरीनें ठरवलेला नाहीं. ८० कंपनांची लाट १४ फुटांची असते आणि आपल्या दोन कानांमध्यें अंतर सहा-सात इंचांचें. एवढ्या लांब लाटेची दिशा त्या दोन कानांना ओळखतां येत नाहीं. म्हणून पेटी कोठेंही असली तरी खर्ज पडद्यावरूनच येतो असा भास होतो. हेंच बटण १५० वर नेलें तर काय होईल? पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा १०० ते १५० कंपनांच्या आसपास असतो. मग पडद्यावर बोलणाऱ्या नायकाचा निम्मा आवाज कोपऱ्यांतल्या काळ्या पेटींतून येऊं लागतो. संवाद कळत नाहींत या तक्रारीचें एक मोठें मूळ येथें आहे.

रिसीव्हरच्या यादींत इतर पेट्यांसाठीं 'लार्ज' आणि 'स्मॉल' असे दोन पर्याय असतात. आपल्या पेट्या आपल्याला मोठ्या वाटत असल्या तरी 'स्मॉल'च निवडावें. त्यांत अपमान कांहीं नाहीं. रिसीव्हर ही वाटणी करीत असेल, तर खर्जपेटीवरचें तेंच बटण शेवटास नेऊन ठेवावें, नाहींतर एकाच स्वराला दोन वेळां कात्री लागते. ज्यांच्या लहान पेट्या मुठीएवढ्या आहेत, त्यांना वाटणी १२० किंवा त्याहून वर न्यावी लागेल. त्यांनीं खर्जपेटी पडद्याजवळच ठेवावी. सर्व कांहीं एकांत असलेल्या स्वस्त संचांत हीं बटणें नसतातच. त्यांच्या मालकांनीं वाईट वाटून घेऊं नये. जागा आणि आवाजाची पातळी हीं दोन मोठीं कामें त्यांच्याही हातीं आहेत.

दुसरी कळ 'फेज'ची. एका जात्यावर दोघी जावा दळायला बसल्या, आणि एक ओढीत असतां दुसरीनें उलट ओढलें, तर जातें थांबेल. वाटणीच्या सीमेवरचा स्वर खर्जपेटी आणि पुढच्या पेट्या दोघीही काढीत असतात. एकीनें हवा पुढें ढकलली असतां दुसरीनें मागें ओढली तर तो स्वर मरतो. पेटीमागें शून्य आणि १८० अशा दोन खुणा असतात. एकानें आसनावर बसावें, दुसऱ्यानें ती कळ इकडून तिकडे करावी. ज्या खुणेवर खर्ज भरीव वाटेल ती बरोबर. कांहींच फरक कळला नाहीं तर शून्यावर ठेवून पुढें जावें.

आतां पातळी, कीं जिच्यावरून घरांत भांडणें होतात. पेटीमागचें बटण निम्म्यावर ठेवावें आणि बारीकसारीक कमी-जास्त रिसीव्हरमधून करावें. रिसीव्हरबरोबर ध्वनिग्राहक दिलेला असेल, तर तो आसनावर कानाच्या उंचीला, शक्य तर तिकाटण्यावर ठेवून यंत्राकडूनच मोजणी करून घ्यावी. त्या वेळीं पंखा, कूलर आणि स्वयंपाकघरांतलें मिक्सर बंद असावें. कूलरची घरघर स्वतःच खर्जाची आहे आणि यंत्र तिच्यामुळें फसूं शकतें. मोबाइलमधील ध्वनिमापकावर येथें फार विसंबूं नये, कारण त्याचा ध्वनिग्राहक माणसाच्या बोलण्यासाठीं बनवलेला असतो, मेघगर्जनेसाठीं नव्हे.

यंत्राची मोजणी झाल्यावर शेवटची परीक्षा कानाची. 'कट्यार काळजात घुसली' या २०१५ च्या चित्रपटांतील एखादी मैफल लावावी आणि तबल्याकडे लक्ष द्यावें. नंतर २०१६ च्या 'सैराट'चें एखादें गाणें लावावें. त्याच्या गाण्यांतील पाश्चात्त्य वाद्यवृंद हॉलीवूडमध्यें ध्वनिमुद्रित झाला आहे, आणि त्यांतील मोठ्या तंतुवाद्यांचा खर्ज ढोल-ताशांच्या दणक्यापासून निराळा ऐकूं आला पाहिजे. मग पेटी बंद करावी. ती चालू असतांना तिच्याकडे लक्ष जाऊं नये, आणि बंद करतांच चित्रपट पोरका वाटावा, येथें पातळी बरोबर लागली. पाहुणा येऊन "वा, काय बेस आहे!" म्हणाला, तर बटण थोडें मागें आणावें.

आजींच्या तक्रारीचें शास्त्रही येथेंच सांगतों. मोठा खालचा स्वर वरच्या हलक्या स्वराला झांकून टाकतो. वरचा स्वर खालच्याला तितका झांकूं शकत नाहीं. वेगेल आणि लेन यांनीं १९२४ सालीं हें मोजून दाखवलें. आपल्या भाषेंतील क, त, स, श या व्यंजनांची ओळख वरच्या, हलक्या स्वरांवर अवलंबून असते. उतार वयांत तेच स्वर कानाला आधीं सोडून जातात. जे थोडे उरलेले असतात तेही खर्जाच्या लोंढ्याखालीं गेले, तर संवाद कळावा कसा? घरांत साठीच्या पुढचें कोणी असेल तर अंतिम पातळी त्यांच्या समक्ष आणि त्यांच्या संमतीनें ठरवावी. तरुणांना तेवढा खर्ज पुरतो. फक्त दोन दिवस तो कमी वाटतो.

रात्रीची गोष्ट निराळी आहे. आवाज लहान केला कीं कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी ऐकूं येऊं लागतो; फ्लेचर आणि मन्सन यांनीं १९३३ सालीं त्याचे आलेख काढले. म्हणून रात्रीं हळू आवाजांत पाहतांना पेटी बंद पडली कीं काय असें वाटतें आणि हात बटणाकडे जातो. रिसीव्हरमध्यें बहुधा 'नाइट' नांवाची सोय असते. ती धमाके दाबते आणि कुजबूज उचलते. ती लावावी.

शेजाऱ्यांचा प्रश्न उरला. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तींत दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सहा या वेळांत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्राचा आवाज आपल्या जागेच्या सीमेवर या मर्यादेहून ५ डेसिबलांपेक्षां अधिक असूं नये, असेंही त्यांत सांगितलें आहे. परंतु ही मोजणी ज्या पद्धतीनें होते, तींत खालच्या स्वरांचें वजन कमी धरतात. ४० कंपनांच्या स्वराचें तर सुमारें ३५ डेसिबलांनीं. म्हणजे शेजारच्या घरीं पलंग हादरत असला तरी कायद्याचा कांटा निवांत असूं शकतो. नियम पाळला म्हणून शेजारी झोपला असें होत नाहीं. भिंतीला लागून बांधलेल्या घरांत किंवा एकावर एक असलेल्या सदनिकांत खर्ज हवेंतून थोडा आणि स्लॅबमधून बराच जातो. पेटीखालीं जाड रबराची किंवा फोमची बैठक घालावी. स्लॅबला जाणारा हादरा तिनें कमी होतो, हवेंतून जाणारा होत नाहीं. सामाईक भिंतीपासून पेटी दूर सरकवावी. आणि एकदां नेहमींच्या आवाजांत चित्रपट लावून शेजाऱ्यांच्या परवानगीनें त्यांच्या निजण्याच्या खोलींत पांच मिनिटें उभें राहावें. तेथें जें ऐकूं येईल, त्यावरून रात्रीं दहानंतरची पातळी ठरवावी.

हें सारें झालें कीं प्रत्येक बटणाच्या जागीं पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा, आणि पेटीच्या पायांभोंवतीं फरशीवर खूण करावी. केर काढतांना पेटी सरकते, लहान मुलें बटणें पिळतात, आणि दिवाळीच्या साफसफाईंत तर ती पुन्हां कोपऱ्यांत जाऊन बसते.